झाकण मिटूनही झोप न लागणेबाबत

विषय : झाकण मिटूनही लॅपटॉपला झोप न लागणेबाबत.
संदर्भ : ओस्मो तिर्क्कोनेन, राहणार ओउलू, फिनलंड, यांचा याच विषयावरचा अर्ज, सुधारून, पुन्हा सुधारून, पुन्हा सादर.

उपरोक्त विषयास अनुसरून... आता अनुसरून काय, कपाळ? अर्जात सगळं आहे हो. सही आहे, तारीख आहे, कुठली ओळ काढायची आणि कुठली परत घालायची तेही आहे. घोडं अडलं ते कारणापाशी. कारण लिहा म्हणतात. म्हणजे तुम्हाला सांगतो, माणसाने चूक करायची, ती शोधायची, दुरुस्ती लिहायची, आणि वर ती चूक झाली कशी हेही लिहायचं? तेही चारचौघांत? तेही अशा ठिकाणी की जिथलं एक अक्षर पुढे कधीच, कुणालाच पुसता येत नाही? आम्ही जन्मभर नोकरी केली त्या कचेरीत निदान वाळवी तरी होती. फाईल जुनी झाली की तिच्याबरोबर लाजही आपोआप निकालात निघायची. इथे वाळवी नाही. ओस्मोचं दुःख खरं म्हणजे ते आहे.

हा ओस्मो म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा. पन्नाशीचा, उंच, बोलणं बेताचं, म्हणजे ओउलूच्या मानानेसुद्धा बेताचं. लिफ्टमध्ये भेटला तर "हं" म्हणतो, आणि अगदीच मोकळा झाला तर "हं, हं". पण कीबोर्डपुढे बसू द्या. जिभेवरचा सगळा तिखटपणा बोटांत उतरलेला आहे. आणि धंदा काय, तर लॅपटॉप झोपवणे. जगात कुणी बाळं झोपवतं, कुणी भाषण करून सभा झोपवतं, ओस्मो लॅपटॉप झोपवतो आणि त्याचा पगार घेतो.

आपल्याला वाटतं, त्यात काय झोपवायचं? झाकण मिटलं, झोपला. उघडलं, उठला. आपोआप. अहो, आपोआप काही होत नसतं. झाकणाच्या काठात एक एवढंसं चुंबक असतं आणि खाली कीबोर्डच्या कडेला एक सेन्सर. चुंबक जवळ आलं की सेन्सर म्हणतो, झाकण लागलं; लांब गेलं की म्हणतो, उघडलं. त्याचं ते म्हणणं ऐकून लॅपटॉपला झोपवायचं की उठवायचं हे ठरवतो कोडचा एक तुकडा, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो तुकडा कुणातरी माणसाने बसून लिहिलेला असतो. ओस्मोच्या लॅपटॉपमधला लिहिला होता द्राहोमीरा होलुबोवा नावाच्या बाईंनी, तिकडे ब्रनो गावात बसून, आणि तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता. ही ऑपरेटिंग सिस्टीम अशी की तिचा कोड सगळ्या जगाला खुला. कुणीही दुरुस्ती सुचवावी. सगळ्यांना दिसेल अशा मेलच्या यादीवर अर्ज टाकायचा, कारण लिहायचं, खाली आपल्या नावाने सही करायची, म्हणजे उद्या काही बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं ते लोकांना कळतं. मग व्होल्टर म्हणून एक डच गृहस्थ आहेत, दाराशी बसलेले, ते अर्ज आत घेतात किंवा परत पाठवतात. सरळ माणूस. एवढा सरळ की अंगाला लागतो.

तर गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. ओस्मोची सासू, राइली, कॉफीला आली. दारातच तिने जावयाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काळे बूट, काळा कोट, काळी टोपी, काळी बॅग. आणि बाहेर दुपारपासून काळोख. गाडीवाल्याला काय वासावरून कळणार, रस्त्यात ओस्मो आहे म्हणून?"

"मी फुटपाथवरून चालतो, राइली."

"माझा भाऊही फुटपाथवरूनच चालायचा," राइली म्हणाली. तिचा भाऊ अजून ठणठणीत आहे, पण ते वाक्य असं टाकलं की पुढे कुणी बोलू नये. आणि तिने खिशातून एक रिफ्लेक्टर काढला. अंधारात गाडीचा उजेड पडला की चमकतो, कोटाला नाहीतर बॅगेला लटकवतात तो. घुबडाच्या आकाराचा. "पिनेचा नाही हो, पिनेने कापड फाटतं. हा चुंबकाचा आहे." आणि घुबडाचा अर्धा भाग बॅगेच्या कप्प्याच्या आत, अर्धा बाहेर, टक्. नेमका त्या कप्प्याला, ज्यात लॅपटॉप राहतो. नेमक्या त्या कोपऱ्याला, जिथे तो सेन्सर येतो.

तुमच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. पण आपण साधी माणसं, आणि ओस्मो पडला तज्ज्ञ.

दुसऱ्याच आठवड्यापासून लॅपटॉप बॅगेत जागा व्हायला लागला. घरी टेबलावर झाकण मिटलं की गाढ झोपायचा. ऑफिसात मिटलं की घोरायचा. बॅगेत घालून बसने नेला की मात्र ऑफिसात बॅगेतून निघताना हा तापलेला, बॅटरी संपलेली, पंखा धापा टाकतोय, जसा काही बसमध्ये न बसता बसच्या मागून पळत आलाय. आता बघा, बॅगेतल्या चुंबकाने झाकणातल्या चुंबकाशी भांडण काढलं की सेन्सर बिचारा गोंधळतो आणि सांगतो, उघडलं बुवा झाकण. की लॅपटॉप उठला. पण ओस्मोने थंडीवर संशय घेतला. मग बसच्या धक्क्यांवर. मग बसच्या वायफायवर. एकदा तर बॅग कानाला लावून बसमध्ये बसला, पंखा कुठल्या स्टॉपला सुरू होतो ते ऐकायला. त्या बसमध्ये कुणी कुणाकडे बघत नाही, तशी रीतच नाही. त्या दिवशी बघितलं.

बायको, हिल्का, म्हणाली, "बॅग बदलून बघ ना."

"बॅगेचा काय संबंध?"

"तूच म्हणतोस, बॅगेत जागा होतो."

"हिल्का, बॅग हे सॉफ्टवेअर नाही."

ती कॉफी ओतायला गेली.

आणि ओस्मोने यादीवर लिहिलं की द्राहोमीराबाईंच्या कोडला झाकण वाचता येत नाही. बाईंचं उत्तर आलं, फार सौम्य. "माझ्याकडे असं होत नाही. लॅपटॉपच्या आसपास एखादं चुंबक वगैरे असतं का, कृपया पाहाल?" सरळ विचारलं हो. बॅगेत डोकं घालून बघायचं, एवढंच काम होतं. पण ज्याला उत्तर माहीत असतं तो बघतो कशाला? ओस्मोने उलट टपाली लिहिलं, आणि ते आजही तिथे आहे, शोधलं की पहिलं तेच वर येतं : "चुंबकं माझ्या फ्रिजवर असतात, बॅगेत नाही. ज्यांना झाकण उघडं की मिटलेलं एवढंही कळत नाही, त्यांनी लोकांच्या झोपेत हात घालू नये."

यादीवर लोक हसले. दोघांतिघांनी तर ते वाक्य एकमेकांना पाठवलं. बाईंनी "ठीक आहे" एवढंच लिहिलं, आणि पुढच्या आठवड्यात झोपेच्या विभागाची देखभाल करणाऱ्यांच्या नावांतून आपलं नाव काढून घेतलं. त्या जागी नाव लागलं ओस्मोचं. व्होल्टरने विचारलं होतं, "खात्री आहे ना, ओस्मो?" ओस्मोने उत्तर दिलं, "हं."

मग त्याने आपली दुरुस्ती लिहिली. युक्ती काय, तर सेन्सर एकदा म्हणाला झाकण लागलं, म्हणून विश्वास ठेवायचा नाही. त्याला तीनदा विचारायचं. लागलंय? नक्की लागलंय? खरंच लागलंय? तीनदा हो म्हणाला तरच झोपवायचं. आणि अर्जात कारण म्हणून एक वाक्य लिहिलं, ज्याच्यावर तो स्वतःच खूश होता : "झाकण मिटलं म्हणजे झोप लागली असं समजू नये."

एप्रिलमध्ये अर्ज मंजूर झाला. आणि तुम्हाला सांगतो, त्याच आठवड्यात हिल्काने दरवर्षीप्रमाणे हिवाळ्याचे कोट, टोप्या, हातमोजे आवरले आणि सगळ्यांचे रिफ्लेक्टर काढून दाराजवळच्या खणात टाकले. उन्हाळ्यात उजेडच उजेड, घुबडाचं काम काय? लॅपटॉप त्या दिवसापासून बॅगेत असा झोपला की विचारू नका. ओस्मोला वाटलं, दुरुस्ती लागू पडली. कुणालाही वाटलं असतं. तो उन्हाळा त्याचा फार सुखाचा गेला. यादीवर शाबासकी, ऑफिसात केक, आणि एक दिवस लिफ्टमध्ये तो आपणहून म्हणाला, "झोपतो आता." आम्ही म्हटलं झोप बाबा, बरं नाही का? तो लॅपटॉपबद्दल बोलत होता.

पण झाकण मिटलं म्हणजे झोप लागली असं समजू नये.

उन्हाळा संपता संपता ही दुरुस्ती नव्या आवृत्तीतून सगळ्यांच्या लॅपटॉपवर पोचली. आणि ओस्मोचा लॅपटॉप म्हणजे तपासणीसाठी मिळालेला खास नमुना, त्याचा सेन्सर जितक्यांदा विचाराल तितक्यांदा सांगतो. दुकानात मिळतो त्यातला सेन्सर मात्र अस्सल ओउलूच्या स्वभावाचा. झाकण लागलं की एकदा सांगणार, लागलं. पुन्हा विचारलंत तर गप्प. सांगितलं ना एकदा? तिसऱ्यांदा विचारलंत तर बोलणंच बंद. आणि ओस्मोचा कोड त्याच्यापुढे उभा, दुसऱ्या "हो"ची वाट बघत. म्हणजे बाईंच्या कोडने ज्यांचे लॅपटॉप सुखाने झोपत होते, ते सगळे आता झाकणाखाली डोळे टक्क उघडे ठेवून जागे. तक्रारी आल्या. कुठून कुठून आल्या. ओस्मोने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "तुम्ही झाकण नीट लावत नसाल."

राइलीलाही हेच म्हणाला. कारण राइलीच्या लॅपटॉपवरही हीच सिस्टीम, ओस्मोनेच घालून दिलेली. ती लॅपटॉप घेऊन आली, टेबलावर ठेवला, आणि मिटलेल्या झाकणावर वेलदोड्याचा गोड पाव ठेवला.

"हे काय, राइली?"

"गरम करतेय. ओव्हन लावायला नको. कालपासून मिटलेला आहे, बघ हात लावून."

"झाकण नीट लागलं नसेल."

राइलीने पाव उचलला, झाकण उघडलं, मिटलं, वर दोन्ही हातांनी दाबलं. "आता आणखी काय करू? खिळे ठोकू?"

पंखा चालूच होता. हिल्का खिडकीबाहेर बघत होती, तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. "वयामुळे असेल," राइली म्हणाली, "मलाही हल्ली झोप लागत नाही. पण मी तापत नाही." आणि पाव अर्धा करून तिने जावयाला दिला. चांगला गरम झाला होता. तो खाताना ओस्मोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तेवढीच पहिली खूण.

मग पुन्हा अंधार पडायला लागला, हिल्काने खण उघडला, घुबड पुन्हा बॅगेवर टक्. आणि ओस्मोचा स्वतःचा लॅपटॉप, तीनतीनदा विचारून झोपवलेला, बॅगेत जागा. आता जगाचे जागे आणि याचाही जागा.

तेव्हा व्होल्टरने व्हिडिओवर बैठक बोलावली. तो स्वतः, ओस्मो, आणि जुना कोड ज्यांना ठाऊक त्या द्राहोमीराबाई. ओस्मो त्या दिवशी घरून काम करत होता. दुकानातून धावतपळत आला, बर्फ झटकलं, बॅगेतून लॅपटॉप ओढला तसं घुबड त्याच्याबरोबर निघालं. त्याने ते टेबलावर ठेवलं, लॅपटॉपला अगदी खेटून, डाव्या बाजूला. टापटिपीचा माणूस. आणि बोलायला लागला. म्हणजे बघा, बोलायला. वर्षभराचं साठलेलं.

"माझं म्हणणं स्पष्ट आहे. मी तीनदा विचारतो. झाकणाची अवस्था ओळखण्यात माझ्या कोडची चूक होणं शक्यच..."

आणि पडदा काळा.

झालं काय, की कोडने सेन्सरला विचारलं, झाकण लागलंय? चुंबक शेजारीच. लागलंय. नक्की? नक्की. खरंच? अगदी खरंच. तीनदा विचारलं, तीनदा घुबडाने उत्तर दिलं, आणि झाकण सताड उघडं असताना लॅपटॉप झोपला.

ओस्मोने लॅपटॉप उचलून हलवला, घुबड बाजूला सरकलं, चेहरे परत आले. व्होल्टर म्हणाला, "कुठे गेला होतास?"

"वीज गेली."

"लॅपटॉपला बॅटरी असते, ओस्मो."

"हं. तर मी म्हणत होतो, शक्यच नाही..." आणि बोलता बोलता, तुम्हाला म्हटलं ना टापटिपीचा माणूस, त्याने ते सरकलेलं घुबड बोटाने ढकलून पुन्हा होतं तिथे नीट लावलं. पडदा काळा.

या वेळी मात्र त्याने घुबडाकडे पाहिलं. हातात उचललं. पडदा उजळला. खाली ठेवलं. पडदा काळा. उचललं. उजळला, आणि पडद्यावर द्राहोमीराबाई, शांत, चष्म्यातून त्याच्या हाताकडे बघत.

"तुमच्या हातात ते काय आहे?"

तेव्हा सांगता आलं असतं. एवढंच तर सांगायचं होतं. दोघं हसले असते, तिसऱ्याने हसून घेतलं असतं, प्रकरण तिथेच निकालात. पण ओस्मोने मूठ मिटली, मूठ खिशात घातली, आणि म्हणाला, "काही नाही."

चूक एका बाजूला हो. चूक कुणाची होत नाही? घुबड सासूचं, चुंबक कंपनीचं, अंधार तर देवाचा. पण "काही नाही" हे दोन शब्द ओस्मोचे स्वतःचे. बैठक संपली, "ओस्मो पुन्हा तपासून बघेल" असं ठरलं, आणि ज्याला आता तपासायला काहीच उरलं नव्हतं तो दिवसभर तपासत बसला. त्यापुढे तो लिफ्टने येईना, जिन्याने जायचा. इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, त्याची आणि आमची पाळी लागून असते. तो आमची चाहूल लागायच्या आत तापल्या दगडांवर पाणी न ओतताच निघून जायचा. एखाद्याला बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेतलेला पाहिला की पुढच्या स्टॉपला उतरून चालायला लागायचा. आणि तेही अंधारातून, रिफ्लेक्टर नसलेली बॅग घेऊन.

रविवारी दुपारी सोफ्यावर डोळे मिटून पडला होता. हिल्का विणत बसली होती. म्हणाली, "झोपलास?"

उत्तर नाही.

"झोपलास का, ओस्मो?"

उत्तर नाही.

"खरंच झोपलास?"

झाकण मिटलं म्हणजे झोप लागली असं समजू नये. डोळे न उघडताच ओस्मोने सगळं सांगितलं. घुबड, चुंबक, बाईंनी विचारलेलं, फ्रिज, मूठ, खिसा. हिल्काच्या सुया थांबल्या नाहीत.

"त्या बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस? माझं नाव गेलं होतं का तुझ्यामुळे?"

सोमवारी त्याने अर्ज केला. आपली दुरुस्ती रद्द करावी, बाईंचा कोड जसाच्या तसा परत घालावा, देखभालीला बाईंचं नाव पुन्हा लावावं. कारण : "काही बाह्य परिस्थितीमुळे." व्होल्टरने परत पाठवला. कोणत्या परिस्थितीमुळे?

ओस्मोने सुधारून लिहिलं : "पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी वापरात असलेल्या एका उपकरणाच्या सान्निध्यामुळे." वा. खरं सांगतो, हे वाक्य वाचून मला माझी नोकरी आठवली. आमच्या साहेबांनी या वाक्याला बढती दिली असती. व्होल्टरने लिहिलं, "हे वाचून मला झोप आली. लॅपटॉपला का येत नाही ते लिही."

तेव्हा ओस्मोने लिहिलं. सरळ लिहिलं, कानाच्या पाळ्या लाल करून लिहिलं. माझ्या बॅगेवर चुंबकाचा रिफ्लेक्टर होता. घुबडाचा. द्राहोमीरा होलुबोवा यांनी मला चुंबक आहे का म्हणून विचारलं होतं आणि मी पाहिलं नाही. त्यांचा कोड बरोबर होता. माझं उत्तर उद्धटपणाचं होतं. बैठकीत माझ्या हातात घुबड होतं आणि मी काही नाही म्हणालो. खाली सही. आणि तिथली रीत अशी की बिघाड ज्याने कळवला त्याचंही नाव अर्जात घालायचं, म्हणून राइलीचंही नाव घातलं. राइली खूश आहे. तिच्या ओळखीत जगाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव असलेली ती एकटीच. घुबड तिने स्वतःच्या हाताने पुन्हा बॅगेला लावून दिलंय, आता सासूला नको कोण म्हणणार? म्हणून हल्ली ओस्मो खांद्याला रिकामी बॅग, तिच्यावर चमकणारं घुबड, आणि काखेत लॅपटॉप, असा ऑफिसला जातो.

व्होल्टरची हरकत उरलेली नाही. मात्र ज्यांचा कोड परत घालायचा त्यांची संमती लागते. ती मागितली. द्राहोमीराबाईंचं एका ओळीचं उत्तर आलं : "चूक तुमची होती?"

ओस्मोने लिहिलं, हो.

काही दिवसांनी दुसरी ओळ आली : "नक्की तुमची होती?"

ओस्मोने लिहिलं, हो, नक्की. आणि लिहिता लिहिताच त्याला कळलं, बाई काय करताहेत ते. ऑफिसातल्यांनाही कळलं. यादीवर कुणी हसलं नाही, हे त्याला जास्त लागलं. तेव्हापासून तो लॅपटॉपचं झाकण मिटतच नाही. उघडं ठेवून समोर बसतो, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून.

तिसरा प्रश्न अद्याप आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.